चहा कुणाला आवडतो?

स्पॅनिश शिकताना दिसू लागणारी मराठी

स्पॅनिशच्या कुठल्याही वर्गात पहिल्या एक-दोन महिन्यांत एक वाक्य येतंच: ‘मे गुस्ता एल ते.’ मला चहा आवडतो. वाक्य चार शब्दांचं, पण इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात त्याच्यापायी अख्खं पान खर्ची पडलेलं असतं. इंग्रजीत ज्याला आवडतो तो माणूस कर्ता आणि चहा हे कर्म. स्पॅनिशमध्ये चहा कर्ता होऊन बसतो आणि माणूस बाजूला सरकतो. म्हणून पुस्तक बजावतं, की ‘चहा मला सुखावतो’ असं काहीतरी मनाशी धरा, नाहीतर चुकाल. मग तक्ते, मग सराव, मग नेहमीच्या चुका.

समजा, पुण्यातल्या एका संध्याकाळच्या वर्गात नुकतीच बारावी झालेली एक मुलगी हे पान वाचते आहे. तीनदा वाचून ती तक्ता वहीत उतरवते आणि सवयीने शेजारी पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते. ‘मे’ म्हणजे मला. ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो. ‘एल ते’ म्हणजे चहा. खालचं वाक्य: ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तकं आवडतात. इथे पेन्सिल थांबते. चहा एक म्हणून ‘आवडतो’, पुस्तकं अनेक म्हणून ‘आवडतात’. क्रियापद पुस्तकं मोजतं आहे, ती वाचणाऱ्या मुलीकडे त्याचं लक्षच नाही. जे समजून घ्यायला ती पाऊण तास झटली, ते ती बोलायला लागल्यापासून बिनचूक करत आली आहे.

मग ते तिला आजवर दिसलं का नाही? रोज शंभरदा तोंडून जाणारी गोष्ट साता समुद्रांपलीकडच्या भाषेत भेटल्यावरच का ओळखू आली? परकी भाषा शिकल्याने बुद्धी वाढते, असं सर्रास म्हटलं जातं. ती वाढते म्हणजे नेमकं काय होतं, याचं बरंचसं उत्तर या पेन्सिलीच्या थांबण्यात आहे.

इंग्रजीच्या दारातून

स्पॅनिश ही सुमारे 20 देशांची राजभाषा आहे. जवळपास 50 कोटी लोकांची ती मातृभाषा आहे, आणि त्यांतले बहुसंख्य स्पेनमध्ये नव्हे, तर अमेरिका खंडात राहतात. स्पेन सरकारने 1991 मध्ये स्थापन केलेल्या सेर्वांतेस संस्थेचं एक केंद्र दिल्लीत आहे, आणि ‘देले’ या तिच्या परीक्षांच्या सहा पायऱ्या भारतातले विद्यार्थीही चढतात. महाराष्ट्रातला विद्यार्थी मात्र या भाषेकडे बहुधा इंग्रजीच्या दारातून जातो. पुस्तक इंग्रजीत, मोबाइलवरचं ॲप इंग्रजीत, शब्दकोश इंग्रजीत. लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवलेला वाचक इंग्रजी घरात वाढलेला असतो. त्यामुळे जे त्या वाचकाला अवघड, ते सगळ्यांनाच अवघड असल्यासारखं लिहिलं जातं.

याचा पहिला फटका उच्चारांना बसतो. स्पॅनिश ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, अगदी आपल्या ‘तवा’मधल्यासारखी. इंग्रजीतलं हेच अक्षर जीभ दातांमागच्या हिरडीला लावून उच्चारलं जातं, आणि आपण ते ‘ट’ असं ऐकतो, ‘ट’ असंच वाचतो. मराठी मुलांच्या तोंडात खरा स्पॅनिश ‘त’ तयार असतो. पण पानावर रोमन अक्षर दिसलं की इंग्रजीची सवय पुढे धावते आणि ‘तोमाते’चा ‘टोमाटे’ होतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क म्हणताना हवेचा झोत बाहेर पडतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरला तर तो हलतो. स्पॅनिशमध्ये हलत नाही. इंग्रजी मुलाला हा झोत आवरायला महिनोन्‌महिने लागतात. ज्याने पहिलीत ‘कमळ’ आणि ‘खटारा’ वेगवेगळे गिरवले, त्याला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

काही विद्यार्थी शब्दांचे उच्चार वहीत देवनागरीत लिहून घेतात. कुणी त्याला कच्चेपणा समजेल, पण ती शहाणपणाची युक्ती आहे. स्पॅनिशचे पाचच स्वर आहेत: आ, ए, इ, ओ, उ. त्यांतला एकही इंग्रजीसारखा मध्येच रंग बदलत नाही, आणि देवनागरी त्यांना बिनतक्रार सामावून घेते. (या लेखातले उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या वळणाचे आहेत.)

सगळ्यात जवळचा शब्द तर दोन भाषांमध्ये एकच आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. आदराने बोलायचं तर ‘उस्तेद’. हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या दरबारी संबोधनाची झीज होऊन बनला. म्हणून ‘उस्तेद’बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतं, समोरचा माणूस जणू तिसराच कुणी असल्यासारखं. इंग्रजी पुस्तक याला चमत्कारिक नियम म्हणतं. ‘साहेब चहा घेणार का?’ असं साहेबांनाच विचारणाऱ्या भाषेत वाढलेल्या मुलीला त्यात चमत्कारिक काय वाटावं?

भांड्यांवरची नावं

थोडं पुढे गेलं की एक छोटा ‘आ’ भेटतो. ‘वेओ एल लिब्रो’ म्हणजे मी पुस्तक बघते. पण ‘वेओ आ हुआन’ म्हणजे मी हुआनला बघते. पुस्तक बघताना ‘आ’ नाही, माणूस बघताना आहे. इंग्रजीत असं काही नसल्याने पुस्तकांत याला ‘माणसांसाठीचा आ’ असं स्वतंत्र नाव असतं आणि स्वतंत्र धडाही असतो.

मराठी बघा. ‘मी पुस्तक बघते’, ‘मी हुआनला बघते’. ‘मी पुस्तकाला बघते’ असं सहसा कुणी म्हणत नाही आणि ‘मी हुआन बघते’ असंही नाही. जिथे स्पॅनिशचा ‘आ’, तिथे मराठीचा ‘ला’.

हे असं का होत असावं, हे समजायला स्वयंपाकघरात डोकावलं तरी पुरे. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पण नाव कशावर घालतात? वाट्या, डबे, पातेली यांच्यावर, कारण ती शेजाऱ्यांच्या भांड्यांत मिसळतात. पाट्या-वरवंट्यावर कुणी नाव घालत नाही. तो कुणाच्या घरी जाणार आहे? वाक्यातही तसंच. ‘रमा’, ‘पुस्तक’ आणि ‘वाचते’ हे शब्द कुठल्याही क्रमाने टाका, वाचणारी रमाच असणार. पुस्तक रमाला वाचू शकत नाही. पण ‘रमा’, ‘सीमा’ आणि ‘बघते’ असं म्हटलं तर कोण कुणाला बघते? दोघीही बघू शकतात. घोटाळा इथे होतो, म्हणून नाव इथे घालायचं: ‘रमा सीमाला बघते.’ आता क्रम फिरवून ‘सीमाला रमा बघते’ म्हटलं तरी अर्थ हलत नाही. स्पॅनिश वाक्यातही शब्द बरेच मोकळेपणाने फिरतात, म्हणून तिलाही अशी खूण हवी. इंग्रजीत शब्दांच्या जागा ठरलेल्या, म्हणून तिचं खुणेवाचून भागतं. फारसी, तुर्की, हिब्रू आणि हिंदीतही या खुणेचे प्रकार आहेत. सगळ्याच कर्मांवर खूण न करता निवडक कर्मांवर करण्याच्या या पद्धतीचा भाषाशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे.

यापुढची गंमत आणखी बारीक आहे. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर शोधते आहे, कुणीही चालेल. ‘बुस्को आल मेदिको’ म्हणजे मी डॉक्टरांना शोधते आहे. ठरावीक डॉक्टर, मघाशी इथेच होते. (‘आ’ आणि ‘एल’ जोडून ‘आल’.) मराठी वाक्यांत ‘डॉक्टर’ आणि ‘डॉक्टरांना’ यांतला फरक नेमका तोच आहे. आपल्याकडे घरोघरी वापरात असलेलं याचं उदाहरण म्हणजे ‘ते मुलासाठी मुलगी बघतायत’. इथे ‘मुलीला’ कुणी म्हणत नाही, कारण मुलगी अजून ठरलेली नाही. पसंती झाली, नाव कळलं, की ‘तिला बघून आलो’. एका ‘ला’मध्ये एवढी माहिती भरलेली असते.

शाळेत हे सगळं वेगळ्या नावाने शिकवलेलं असतं. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आणि ‘रामाने रावणाला मारले’ हा भावे प्रयोग. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. दोन गुणांच्या प्रश्नासाठी पाठ केलेला हा नियम स्पॅनिशच्या धड्याशेजारी ठेवला, की तो कुठल्या गरजेपोटी आला ते दिसायला लागतं.

सारखेपणा तीन तऱ्हांचा

इथवर आलेला विद्यार्थी उत्साहाने म्हणतो, मराठी आणि स्पॅनिश बहिणी आहेत! खरं शिकणं इथून पुढे सुरू होतं, कारण दोन घरांत एकसारखा तांब्या दिसला तर त्याची निदान तीन कारणं असू शकतात. दोन्ही घरांची पणजी एकच होती आणि तांबे तिच्याकडून आले. किंवा दोघांनी एकाच बाजारातून आणले. किंवा पाणी ओतायला अशाच आकाराचं भांडं सोयीचं, म्हणून दोन कारागिरांनी एकमेकांना न बघता ते घडवलं.

पणजीकडचा वारसा खरोखर आहे. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं मांडलं. स्पॅनिश लॅटिनची लेक, मराठी संस्कृत-प्राकृताच्या घरातली. म्हणून ‘तू’ म्हणजे तू, ‘दोस’ म्हणजे दोन, ‘दिएंते’ म्हणजे दात, ‘नोम्ब्रे’ म्हणजे नाव, ‘विउदा’ म्हणजे विधवा. स्पॅनिशमध्ये नऊला ‘नुएवे’ आणि नव्याला ‘नुएवो’ म्हणतात. आपल्याकडेही नऊ आणि नवा असेच कानाला कान लावून बसलेले आहेत.

बाजार मात्र दोन. पहिला अरबीचा. इ.स. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या लहान-मोठ्या भागांवर मुस्लिम राजवटी होत्या, आणि त्या काळात अरबी शब्द मोठ्या संख्येने स्पॅनिशमध्ये शिरले. बहमनी आणि आदिलशाही काळात तेच शब्द फारसीच्या हातून मराठीत उतरले. एकाच पेठेचा माल दोन टोकांना पोचला. कुणाचं नाव घ्यायचं नसेल तर आपण ‘फलाणा’ म्हणतो. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘फुलानो’. आपला दिवाण आणि दिवाणी कोर्ट ज्या शब्दातून आले, त्यातूनच स्पॅनिश ‘आदुआना’ आला, म्हणजे जकात कचेरी.

काही शब्द तर आपल्याच अंगणातून निघाले होते. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’, आणि अरबीचं ‘अल्’ हे उपपद अंगाला चिकटून स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’. ‘नारंग’ इराण आणि अरबस्तान पार करत ‘नारान्हा’ झाला. ‘चतुरंग’ अरबांकडे ‘शत्रंज’ आणि स्पेनमध्ये ‘आहेद्रेस’. कास्तील्याचा राजा दहावा आल्फोन्सो याने 1283 मध्ये खेळांवर एक सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. त्याच्या आरंभीच हिंदुस्थानातल्या एका राजाची आणि त्याच्या शहाण्या माणसांची गोष्ट आहे.

दुसरा बाजार पोर्तुगीजांचा, आणि तो गोवा, वसई, चौल या आपल्याच किनाऱ्यावर भरलेला. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून पाव, चावी, बादली, पगार हे शब्द स्पॅनिशमध्ये किंचित वेगळ्या कपड्यांत भेटतात: ‘पान’, ‘यावे’, ‘बाल्दे’, आणि पैसे देणे या अर्थी ‘पागार’. यांतलं ‘चावी’ आणि ‘यावे’ हे जोडपं जरा थांबून बघण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘क्ल’, ‘प्ल’ किंवा ‘फ्ल’ असेल, तर बऱ्याच शब्दांत पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘च’ झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘ल्य’, जो आज बहुतेक ठिकाणी ‘य’ असा ऐकू येतो. ‘क्लाविस’ची एकीकडे चावी, दुसरीकडे ‘यावे’. आज लिस्बनमध्ये हा ‘च’ उरलेला नाही, तिथे चावीला ‘शाव्ह’सारखं काहीतरी म्हणतात. मराठीने मात्र शब्द घेतला तेव्हाचा जुना ‘च’ जपून ठेवला आहे. रोज दाराला लावायच्या वस्तूच्या नावात चारएकशे वर्षांपूर्वीचा पोर्तुगीज उच्चार शाबूत आहे.

आणि तिसरी तऱ्हा, दोन कारागिरांची. ‘मे गुस्ता’ आणि ‘मला आवडतो’ यांची घडण सारखी आहे ती वारशाने नव्हे. ‘गुस्तार’ या क्रियापदाचा जुना अर्थ चव घेणे, आणि तेव्हा चव घेणारा माणूसच कर्ता असे. ‘मला’चं वळण त्याला नंतरच्या शतकांत लागलं. इकडे कानडीतही ‘ननगे इष्ट’, म्हणजे ‘मला आवडतं’ असंच म्हणतात, आणि कानडी तर वेगळ्याच कुळातली. आवड ही आपण करायची गोष्ट नसून आपल्याला होणारी गोष्ट आहे, असं अनेक भाषांना आपापल्या जागी जाणवलं. गंमत अशी, की ‘गुस्तार’ हा शब्द स्वतः मात्र पणजीकडचाच आहे. संस्कृतातला ‘जुष्’, आवडणे किंवा आस्वाद घेणे, त्याचा नातलग. शब्द वारशाचा, वाक्याची घडण स्वतंत्र.

आधी ‘सारखं आहे’ म्हणायचं, मग ‘कुठल्या कारणाने सारखं’ असं विचारायचं. ही सवय भाषेच्या वर्गात लागली, तर इतिहासात आणि जीवशास्त्रातही उपयोगी पडते. वटवाघळाचे पंख आणि पाखराचे पंख यांच्याबद्दल हाच प्रश्न विचारावा लागतो.

▣ चौकट: सारखे दिसणारे, पण नात्यातले नसलेले

सोपा: स्पॅनिशमध्ये ‘सोपा’ म्हणजे सूप.
माला: ‘वाईट’ याचं स्त्रीलिंगी रूप.
बाबा: लाळ.
पान: पाव किंवा रोटी.
कासा: घर. ‘कसा’शी संबंध नाही.
पेरो आणि पेर्रो: पहिला ‘पण’, दुसरा कुत्रा. मराठी ‘र’ पहिल्याला पुरतो. दुसऱ्यासाठी जीभ घोळवावी लागते.

मराठी जिथे साथ सोडते

हा लेख इथेच थांबला तर स्पॅनिश म्हणजे मराठीच, असा गैरसमज व्हायचा. तसं नाही. मराठीच्या आधाराने धावत सुटलेला विद्यार्थी ‘आहे’पाशी आपटतो.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. पुस्तकातला सोपा नियम सांगतो: कायमच्या गोष्टींना सेर, तात्पुरत्यांना एस्तार. सफरचंद ‘एस वेर्दे’ म्हणजे हिरव्या जातीचं. ‘एस्ता वेर्दे’ म्हणजे अजून कच्चं. मुलगी ‘एस लिस्ता’ म्हणजे हुशार, ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे तयार होऊन बसलेली. छान. मग एक दिवस वाक्य येतं ‘एस्ता मुएर्तो’, तो मेलेला आहे. मरणाहून कायमचं काय? तरीही एस्तार. माद्रिद स्पेनमध्ये आहे हेही एस्तारनेच सांगायचं, आणि शहर काही उद्या उठून जाणार नाही.

नियम इथे मोडतो, आणि मोडलेला नियम बाजूला ठेवून पुन्हा विचार करावा लागतो. ‘एस्तार’ आला लॅटिन ‘स्तारे’मधून, म्हणजे उभं राहणे. त्याचा संस्कृत भाऊ ‘स्था’. आपल्या ‘स्थिती’ आणि ‘स्थान’ या शब्दांत तोच आहे. एस्तार सांगतो ते नेमकं हेच: वस्तू कुठल्या स्थितीत आणि कुठल्या स्थानी आहे. मरण ही जगण्यातून पोचलेली स्थिती, म्हणून एस्तार. माद्रिदचं स्थान, म्हणून एस्तार. काळाची लांबी मोजायची नसून ‘काय आहे’ आणि ‘कसं किंवा कुठे आहे’ हे वेगळं करायचं होतं. मराठीत ‘बर्फ थंड असतो’ आणि ‘चहा थंड आहे’ अशी थोडी जवळची जोडी सापडते, पण ती सगळीकडे पुरत नाही.

उलट ‘जवळ असणे’ सांगताना मराठी फार बारीक कातते. स्पॅनिशमध्ये सगळ्याला एकच क्रियापद, तेनेर: ‘तेंगो दोस एर्मानोस’, ‘तेंगो उन लिब्रो’, ‘तेंगो आंब्रे’. भाऊ, पुस्तक, भूक, सगळी एका पिशवीत. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला भूक लागली आहे’. नात्याला ‘मला’, हलवता येणाऱ्या वस्तूला ‘माझ्याकडे’, भुकेला तर वेगळंच क्रियापद. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ऐकणारा विचारील, किती दिवस मुक्काम? शाळेच्या बारा वर्षांत हा फरक कुणी समजावलेला नसतो, कारण तो कुणी चुकतच नाही. तो दिसायला ‘तेंगो’ शेजारी यावा लागतो.

कप फुटला की फोडला?

हातातून कप निसटला. इंग्रजी माणूस सहज म्हणतो, मी कप फोडला. स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘से मे रोम्पिओ ला तासा’. शब्दाला शब्द लावायचा तर, कप फुटला आणि ते माझ्या बाबतीत झालं. मराठी माणूस म्हणतो ‘माझ्या हातून कप फुटला’. मुद्दाम केलं असेल तरच ‘फोडला’. मराठीत हा फरक धातूच्या पोटातच असतो: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे. स्वर बदलला की हेतू आला. स्पॅनिश हेच काम ‘से’ या छोट्या शब्दाने करते.

यावर केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना छोटे व्हिडिओ दाखवले. कुणी फुगा मुद्दाम फोडतो. कुणाच्या हातून तो चुकून फुटतो. नंतर विचारलं, हे कुणी केलं होतं? मुद्दाम केलेल्या कृतींमध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांची आठवण सारखीच निघाली. चुकून घडलेल्या प्रसंगांत मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना तो माणूस अधिक चांगला आठवत होता. जी भाषा अपघातातही ‘कुणी’ ते सांगायला लावते, तिच्या सवयीने नजर त्या ‘कुणी’कडे वळते. याचा अर्थ भाषा माणसाला कैद करते असा काढू नये. बोलण्याची सवय लक्षाला हलकं वळण देते, एवढंच यातून निघतं. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत हे हलकं वळणही लहान नसतं.

डोक्यात काय घडतं

स्वीडनच्या सैन्यात दुभाषे तयार करणारी एक संस्था आहे. तिथले तरुण अरबी, रशियन, दारी अशा भाषा झपाट्याने शिकतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या मेंदूचे स्कॅन अभ्यासापूर्वी आणि तीन महिन्यांनी काढले. तुलनेला विद्यापीठातले विद्यार्थी होते, तेही कसून अभ्यास करणारे, पण भाषा न शिकणारे. दुभाष्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बांधण्यात मोठा वाटा असलेला भाग, आणि भाषेशी संबंधित काही भाग वाढलेले आढळले. दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांची माहिती मांडली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. अक्षरओळख नसलेल्यांमध्येही फरक दिसला, म्हणजे तो निव्वळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. मात्र ‘दोन भाषा येणाऱ्यांची एकाग्रता इतरांहून जास्त असते’ हा एके काळी गाजलेला दावा पुढच्या मोठ्या चाचण्यांमध्ये डळमळीत झाला. क्लासच्या जाहिरातीत तो वाचला, तर जरा हात राखून विश्वास ठेवावा.

शब्द पाठ कसे होतात, याबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द शिकवले. ज्यांनी शब्द आला तरी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून बघितलं, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के शब्द आठवले. ज्यांनी एकदा आलेला शब्द पुन्हा विचारला नाही, नुसताच वाचला, त्यांना जेमतेम एकतृतीयांश. विशेष म्हणजे आपल्याला किती आठवेल याचा सगळ्या गटांचा अंदाज जवळपास सारखाच होता. वाचताना ‘येतंय’ असं वाटणं आणि न बघता येणं, यांतला फरक आतून कळत नाही. विहिरीत पाणी किती, हे काठावरून वाकून समजत नाही. पोहरा सोडावा लागतो. उजवीकडचा रकाना हाताने झाकून ‘दात?’ असं विचारायचं आणि ‘दिएंते’ ओढून वर काढायचा.

पण शब्दसंख्या ही वाढीची एक बाजू झाली. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांच्या 1934 च्या ग्रंथात दुसरी बाजू सापडते. मातृभाषा मूल नकळत उचलतं. परकी भाषा ते जाणूनबुजून शिकतं, नियमांकडे बघत बघत. आणि ती शिकताना आपली भाषा ही अनेक व्यवस्थांपैकी एक आहे, हे त्याला प्रथमच कळतं. चष्मा नाकावर असेपर्यंत दिसत नाही. तो काढून हातात घेतला की काच, काडी, ओरखडे सगळं दिसतं. पुण्यातल्या त्या मुलीची पेन्सिल थांबली, तेव्हा तिने मराठी प्रथमच हातात घेऊन बघितली होती.

पाऊस पडो

दुसऱ्या वर्षी ‘सुबहुंतिवो’ येतो. इंग्रजी पुस्तकांत हा डोंगर समजला जातो. जे घडलं किंवा घडतंच, त्यासाठी क्रियापदाचं एक रूप, आणि जे घडावं असं वाटतं त्यासाठी दुसरं. ‘किएरो के वेंगास’: तू यावंस असं मला वाटतं. ‘ओहाला युएवा’: पाऊस पडो. यातला ‘ओहाला’ही अरबीतून आलेला, देवाची इच्छा असली तर, अशा अर्थाच्या शब्दांतून. दहावीच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ घोकलेले असतात. ‘यावंस’ आणि ‘पडो’ त्यांतच कुठेतरी होते. हा डोंगर मराठी विद्यार्थी अर्धा तरी घरूनच चढून आलेला असतो.

उरलेला अर्धा मात्र खरा चढ आहे. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ यात मराठी साधा भविष्यकाळ वापरते. स्पॅनिश इथेही सुबहुंतिवो मागते, ‘नो क्रेओ के वेंगा’, कारण तिच्या लेखी शंका आणि इच्छा एकाच घरच्या. त्यातच अंदाजाची वाक्यं येतात. ‘एस्तारा एन कासा’ म्हणजे शब्दशः तो घरी असेल, आणि मराठीसारखाच तिथे भविष्यकाळ भविष्य सांगत नाही, आत्ताचा अंदाज सांगतो. वर्गात कुणीतरी लगेच विचारतं, मग ‘तो घरी असावा’ याला काय म्हणायचं? ‘असेल’ आणि ‘असावा’ यांत फरक आहे का?

पुढची दहा मिनिटं स्पॅनिशच्या वर्गात मराठीवर वाद होतो. कुणी म्हणतं एकच. कुणी म्हणतं ‘असावा’ जरा पुस्तकी. मग मागच्या बाकावरून एक जण उदाहरण देतो: नुसतं सहज कुणी विचारलं तर मी म्हणेन ‘घरी असेल’. पण खाली रस्त्यावर उभं राहून वर बघितलं आणि खिडकीत दिवा दिसला, तर म्हणेन ‘घरी असावा’.